वकिलाची नोटीस : कर्जवसुलीचा कायदा आणि वकिलाची मर्यादा

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील फोपनार हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते १९६४ साली तेथे सापडलेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्तींमुळे. त्या प्राचीन मूर्ती आज नवी दिल्ली येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. गावाचा रोजचा व्यवहार मात्र शेती, खत, बियाणे आणि उधारी यांभोवती फिरतो. तापी खोऱ्याच्या या सीमाभागात घरची भाषा मराठी, कचेरीची हिंदी आणि बँकेच्या करारनाम्याची पुष्कळदा इंग्रजी असते. केळीच्या बागेचा खर्च आधी होतो, पैसा मागून येतो. मधला काळ सोसायटीचे कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि प्रसंगी सावकार यांच्या आधारावर निभावून न्यावा लागतो. एखादे वर्ष वादळाने किंवा पडलेल्या भावाने हातचे गेले म्हणजे हप्ते थकतात, आणि एके दिवशी टपालवाला पोच-सहीचे लांब पाकीट घेऊन दारात उभा राहतो.

पाकिटात वकिलाची नोटीस असते. शेतकरी ती घेऊन शाळेत गुरुजींकडे किंवा पंचायतीच्या सचिवांकडे जातो. त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “गुरुजी, कोर्टाचा कागद आला. आता जमीन जाणार का?”

या एका प्रश्नात दोन गैरसमज आहेत. तो कागद कोर्टाचा नसतो, आणि त्या कागदाने जमीन जात नाही. परंतु हे गैरसमज महागात पडतात. घाबरलेला माणूस उभे पीक मातीमोल भावाने देऊन टाकतो किंवा समोर येईल त्या कागदावर सही करतो. दुसरा माणूस पाकीट घेण्यासच नकार देतो, किंवा घेऊन आढ्याला खोचून ठेवतो. दोघांचेही नुकसान होते, आणि ते टाळण्यासारखे असते.

कागद कोणाचा आहे?

गावात येणारे वसुलीचे कागद साधारणतः तीन प्रकारचे असतात. पहिला वकिलाची नोटीस. ती वकिलाच्या नावाच्या कागदावर लिहिलेली असते आणि तिच्यात ‘माझ्या अशिलाचे म्हणणे असे की’ या अर्थाचा मजकूर असतो. हा धनकोचा दावा होय, हुकूम नव्हे. जप्ती, लिलाव किंवा अटक यांपैकी एकाही गोष्टीचा अधिकार वकिलाला नाही. दुसरा कागद न्यायालयाचे समन्स. त्यावर न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा क्रमांक, शिक्का आणि हजर राहण्याची तारीख असते. तिसरा तहसील कचेरीचा मागणीचा कागद. बँकांची काही थकबाकी मध्य प्रदेशात १९८७ च्या लोकधन अधिनियमाखाली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. या तिसऱ्या कागदामागे शासनाचा अधिकार असतो. त्याकडे त्याच दिवशी लक्ष दिले पाहिजे आणि हरकत असल्यास ती तहसील कचेरीत लेखी नोंदविली पाहिजे.

सीमाभागात शब्दांचाही घोटाळा होतो. हिंदी कागदातील ‘कुर्की’ म्हणजे जप्ती, ‘नीलामी’ म्हणजे लिलाव, ‘सूचना पत्र’ म्हणजे नोटीस. ‘कुर्की की कार्यवाही की जाएगी’ हे वाक्य वकिलाच्या नोटिशीत आले तर त्याचा अर्थ एवढाच, की धनको दावा लावील, दाव्यात डिक्री मिळवील आणि त्यानंतर न्यायालयाकडे जप्तीची मागणी करील. मधल्या पायऱ्या नोटिशीत लिहिलेल्या नसतात. त्या ऋणकोला सांगणे हे गावातील सुशिक्षितांचे काम आहे.

पाकीट नाकारल्याने नोटीस चुकते ही समजूतही सोडून दिली पाहिजे. योग्य पत्त्यावर टपालाने पाठविलेली नोटीस ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत गेली, तरी ती पोचली असे कायदा सामान्यतः धरून चालतो. जुनी रजिस्टर टपालसेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. नियमाचे तत्त्व मात्र तेच राहिले. नाकारणारा माणूस फक्त आत काय लिहिले आहे ते वाचण्याची संधी गमावतो.

सुप्याचा धडा

हजर न राहिल्याने काय होते, याचा अनुभव मराठी मुलखाने दीडशे वर्षांपूर्वी घेतला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरले. लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जखते, गहाणखते आणि डिक्र्या हस्तगत करून त्या जाळण्यात आल्या. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे जी हकीगत आली, तिचा एक भाग आजही वाचण्यासारखा आहे. सावकारांचे दावे मोठ्या प्रमाणावर एकतर्फी निकाली निघत. कुळाला समन्स मिळत नसे, मिळाले तरी तालुक्याला जाण्याची ऐपत किंवा धीर नसे. आणि सावकाराच्या वहीत लिहिले असेल तेच खरे ठरे.

यात मुदतीच्या कायद्याने भर घातली होती. १८५९ च्या कायद्याने साध्या खताच्या वसुलीस तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाचे संरक्षण हा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागले, आणि प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुद्दलात मिळवू लागले. चांगल्या कायद्याचा असा उलटा परिणाम झाला, कारण खतावर अंगठा उठविणाऱ्याला त्या अंगठ्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता.

त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो प्रथम लागू झाला. न्यायालयाने केवळ शेवटचे खत पाहून निकाल देऊ नये; व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जाऊन, ऋणकोने देणे कबूल केले असले तरीही, हिशेब तपासावा, अशी त्यात योजना होती. पावती देणे आणि वार्षिक हिशेब देणे धनकोवर बंधनकारक झाले. पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची प्रथा बंद झाली. विशेषत्वाने गहाण दिलेली नसेल तर शेतकऱ्याची जमीन पैशाच्या डिक्रीत विकू नये, असे ठरले. आणखी एक तरतूद मोठी बोलकी होती. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत न्यायालयाच्या विशेष परवानगीशिवाय वकिलाला उभे राहण्यास मनाई होती. एका पक्षालाच वकील परवडत असेल तर वकिलाच्या उपस्थितीने पारडे झुकते, हे त्या कायद्याने गृहीत धरले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

फोपनार ज्या निमाडात आहे तो त्या काळी मध्य प्रांताचा भाग होता. मुंबई इलाख्याचा कायदा तेथे लागू नव्हता. मध्य प्रांताने आपली वाट पुढे काढली. १९३३ मध्ये कर्ज समेटाचा आणि १९३४ मध्ये सावकारीचा कायदा झाला. १९३४ चा कायदा दुरुस्त्यांसह मध्य प्रदेशात चालत आला आहे. सावकाराने नोंदणी करावी, प्रत्येक ऋणकोचा स्वतंत्र हिशेब ठेवावा आणि तो त्याला द्यावा, ही त्याची मुख्य सूत्रे होत. नोंदणी प्रमाणपत्र नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावा न्यायालयात पुढे चालू शकत नाही. म्हणून सावकाराच्या वतीने आलेल्या नोटिशीच्या उत्तरात पहिली मागणी नोंदणी क्रमांकाची आणि हिशेबाच्या उताऱ्याची असावी.

वकील हा अशिलाचा निरोप्या नव्हे

आज वकिलाला वसुलीच्या कामापासून दूर ठेवलेले नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. दिलेला पैसा परत मागणे हा धनकोचा हक्क आहे. खताच्या दुकानदारालाही कंपनीचे देणे असते. पतसंस्थेचा पैसा हा ठेवीदारांचा असतो. तो हक्क लाठीने न बजावता कायद्याने बजावला जावा, यासाठीच वकील असतो. म्हणूनच त्याच्यावर बंधने अधिक आहेत.

ही बंधने अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांत आहेत. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की वकिलाने आपल्या अशिलाला अनुचित मार्गांपासून परावृत्त करण्याचा पुरेपूर प्रयत्न करावा. अशील ऐकत नसेल तर त्याचे काम सोडावे. आणि स्वतःला अशिलाचा नुसता निरोप्या समजू नये. पत्रव्यवहारातील भाषाही त्याने विचारपूर्वक वापरावी. नोटीस लिहिताना या नियमाचा अर्थ काय होतो? अशिलाने सांगितलेली रक्कम वकिलाने डोळे मिटून लिहू नये. खातेउतारा मागवावा, भरलेले हप्ते वजा झाले आहेत की नाहीत हे पाहावे, व्याजाचा दर करारात आहे तोच लावला आहे याची खात्री करावी. कर्ज थकणे ही मुळात दिवाणी बाब आहे. फसवणुकीचा कोणताही पुरावा हाती नसताना ‘पोलीस घरी येतील’, ‘तुरुंगात जावे लागेल’ असे लिहिणे, किंवा नोटिशीला न्यायालयाच्या कागदाचे रूप देणे, हे वकिलीला शोभणारे नाही. गावात अशा नोटिशी येतातच. त्या जपून ठेवाव्यात. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा असतो.

फीबाबतचा नियमही सर्वसामान्यांना फारसा ठाऊक नसतो. खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरविणे किंवा वसूल झालेल्या रकमेत वाटा घेणे भारतातील वकिलाला मना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच अशा कराराला व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. वसुलीचा हक्क स्वतः विकत घेणे, ज्या डिक्रीत काम केले तिच्या लिलावात बोली लावणे, दाव्यासाठी अशिलाला कर्ज देणे, दलालांमार्फत कामे मिळविणे, स्वतः व्यापार चालविणे या गोष्टींनाही बंदी आहे. ‘वसूल होईल त्याच्या दहा टक्के’ असा सौदा करणारा वकील हा वकील न राहता व्यवहाराचा भागीदार होतो. मग समेट कोणाच्या सोयीने करावयाचा, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. धनकोचेही हित अशा भागीदारीत सुरक्षित नसते.

वसूल झालेल्या पैशाचे काय? वकिलाच्या हाती अशिलासाठी रक्कम आली तर शक्य तितक्या लवकर अशिलाला कळविणे आणि हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. या संदर्भात एका प्रकरणाची हकीगत सांगण्यासारखी आहे. न वटलेल्या धनादेशाच्या एका प्रकरणात समोरच्या पक्षाने वीस हजार रुपयांची रक्कम आणि खर्चाचे पाच हजार रुपये वकिलाकडे दिले. वकिलाने ते आपल्याला दिले नाहीत, उलट फीची मागणी केली, अशी अशिलाची तक्रार होती. प्रकरण ग्राहक मंचाकडे गेले. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे म्हटले. परंतु १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते मत रद्द केले. म्हणजे वकिलाच्या सेवेतील उणिवेबद्दल आता ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. गैरवर्तनाची दाद राज्य विधिज्ञ परिषदेकडे आणि नुकसानभरपाईची दाद दिवाणी न्यायालयाकडे मागावी लागते.

दुसरे प्रकरण मध्य प्रदेशातीलच आहे. राज्य पातळीवरील एका सहकारी बँकेने आपल्या विधी सल्लागाराचे काम काढून घेतले आणि प्रकरणांच्या फायली परत मागितल्या. फीची बाकी मिळेपर्यंत फायली देणार नाही, अशी भूमिका सल्लागाराने घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये निर्णय दिला, की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. फीसाठी त्याने स्वतंत्र मार्ग अनुसरावा. दुसऱ्याचे थकलेले पैसे वसूल करून देणाऱ्याने स्वतःच्या थकबाकीसाठी कागद ओलीस धरावेत, हा विरोधाभास न्यायालयाला मान्य झाला नाही. ऋणकोच्या दृष्टीनेही हा निर्णय उपयोगी आहे. त्याचा वकील त्याची मूळ पावती किंवा करारनामा परत देण्यास नकार देऊ शकत नाही.

लहान शहरात आणखी एक अडचण उद्भवते. दुकानदार आणि शेतकरी दोघेही एकाच वकिलाच्या ओळखीचे असतात. ज्या प्रकरणात वकिलाने एका पक्षाला सल्ला दिला त्याच प्रकरणात त्याला दुसऱ्या पक्षाचे काम घेता येत नाही. तसेच ऋणकोने वकील नेमल्यानंतर धनकोच्या वकिलाने ऋणकोशी परस्पर बोलणी न करता त्याच्या वकिलामार्फतच करावीत, असाही नियम आहे. शेताच्या बांधावर येऊन ‘तुमच्या वकिलाला सांगू नका, इथेच मिटवू’ असे सुचविणे हा या नियमाचा भंग होय.

अन्य देशांनाही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. अमेरिकेत १९७७ साली कर्जवसुलीतील छळ थांबविण्यासाठी केंद्रीय कायदा झाला, तेव्हा वकिलांना त्यातून वगळले होते. ती सूट १९८६ मध्ये काढून टाकण्यात आली, आणि दाव्यांच्या मार्गाने नियमितपणे वसुली करणाऱ्या वकिलालाही तो कायदा लागू होतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्या कायद्याने वसुली करणाऱ्याला पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांत रक्कम आणि धनकोचे नाव लेखी कळवावे लागते; ऋणकोने तीस दिवसांत लेखी हरकत घेतली तर देण्याचा पुरावा दिल्याशिवाय वसुली पुढे नेता येत नाही. भारतात वकिलांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. येथे विधिज्ञ परिषदेच्या नियमांवरच भिस्त आहे. त्यामुळे हे नियम गावापर्यंत पोचणे अधिक आवश्यक ठरते.

तीन वर्षे आणि एक सही

साध्या उसनवारीच्या वा उधारीच्या वसुलीसाठी मुदत अधिनियम, १९६३ नुसार सामान्यतः तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. स्थावर गहाणावर दिलेल्या रकमेसाठी ही मुदत बारा वर्षांची आहे. सहकारी संस्थेच्या वसुलीचा मार्ग वेगळा असल्याने तिच्याबाबत हा हिशेब जसाच्या तसा लावू नये. मुदत संपलेला दावा, प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी, न्यायालयाने फेटाळला पाहिजे.

परंतु मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे असल्याची लेखी कबुली सही करून दिली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदतीच्या आत काही रक्कम भरून तशी नोंद स्वतःच्या सहीने केली, तरी तेच होते. मुदत उलटून गेल्यावरही ‘हे देणे मी फेडीन’ असे लेखी वचन सहीने दिले, तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम २५ नुसार तो नवा बंधनकारक करार होतो. नोटिशीसोबत एखादा ‘हिशेब मान्य असल्याचा’ छापील कागद येतो आणि ‘फक्त सही करा, व्याजात सूट मिळेल’ असे सांगितले जाते, तेव्हा १८७५ पूर्वीच्या त्या नव्या खतांची आठवण होणे स्वाभाविक आहे. सही करूच नये असे नाही. देणे खरे असेल आणि सूट खरी असेल तर समझोता करण्यात शहाणपणच आहे. सही करण्यापूर्वी मूळ रकमेची तारीख, भरलेली रक्कम आणि सुटीची रक्कम त्याच कागदावर लिहून घ्यावी.

कोरा धनादेश

कृषी सेवा केंद्रांत उधारीच्या तारणापोटी सही केलेला कोरा धनादेश देण्याचा प्रघात अनेक ठिकाणी पडला आहे. ही सवय धोक्याची आहे. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो, आणि त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. धनादेश कोरा दिला होता, रक्कम दुसऱ्याने भरली, हा बचाव एवढ्यावर टिकत नाही. देण्यापोटी स्वेच्छेने सही करून दिलेला कोरा धनादेशही या कलमाच्या कक्षेत येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे.

या प्रकारच्या नोटिशीत दिवसांना किंमत असते. धनादेश परत आल्याचे बँकेने कळविल्यापासून तीस दिवसांच्या आत धनकोने लेखी नोटीस दिली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरल्यास गुन्हा होत नाही. न भरल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करता येते. नोटीस हाती पडलीच नाही असे म्हणणाऱ्यालाही, न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम भरण्याची संधी २००७ च्या एका निर्णयाने मान्य केली आहे. अंशतः रक्कम आधीच भरली असेल तर पावती येथे निर्णायक ठरते. भरलेली रक्कम वजा न करता, आणि धनादेशावर तशी नोंद न करता, पूर्ण रकमेचा धनादेश वटविण्यास टाकला असेल तर कलम १३८ लागू होत नाही, असा निर्णय २०२२ मध्ये झाला. धनकोच्या वकिलानेही अशी नोटीस काढण्यापूर्वी ‘मध्यंतरी काही रक्कम आली का?’ हा प्रश्न अशिलाला विचारला पाहिजे. न विचारल्यास अशिलाचीच तक्रार कोसळते.

डिक्रीनंतरही काय राहते

समन्स आल्यावर हजर राहून साधारणतः तीस दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो. न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. एकतर्फी डिक्री झालीच, तर पुरेसे कारण दाखवून ती रद्द करण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो.

डिक्री झाली तरी सर्व काही जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक ती गुरे व बियाणे आणि शेतकरी राहत असलेले स्वतःचे घर यांना जप्तीपासून संरक्षण आहे. मध्य प्रदेशात जमिनीबाबतही एक महत्त्वाची तरतूद आहे. भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ नुसार भूमिस्वामीची पाच एकर बागायत किंवा दहा एकर कोरडवाहू जमीन डिक्रीच्या बजावणीत जप्त वा विक्री करता येत नाही. त्याहून जास्त असेल तेवढीच पात्र ठरते. आदिवासी भूमिस्वामीच्या जमिनीला अधिक व्यापक संरक्षण आहे. मात्र जमीन गहाण देऊन तिच्यावर बोजा निर्माण केला असेल तर हे संरक्षण मिळत नाही. १८७९ च्या कायद्यातही अपवाद हाच होता. म्हणून खतविक्रेत्याच्या साध्या उधारीच्या नोटिशीने ‘पाच एकर केळीची बाग लिलावात जाईल’ अशी भीती घातली तर ती बहुतेक पोकळ असते. बँकेच्या गहाणाबाबत तसे म्हणता येत नाही. भू-अधिकार व ऋण पुस्तिका आणि खसरा उघडून बोज्याची नोंद पाहिल्यास कोणते प्रकरण कोणते, हे लगेच कळते. सीमेपलीकडे महाराष्ट्रात हेच सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पाहावे लागते.

दिवाणी तुरुंगाची तरतूद कायद्यात अजून आहे, पण ती गरिबीसाठी नाही. ऐपत असूनही अप्रामाणिकपणे देणे टाळणाऱ्यासाठीच ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले. पैशाच्या डिक्रीसाठी स्त्रीला अटक करता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अशा अटकेसाठी राहत्या घरात शिरता येत नाही.

बँका आणि वित्तसंस्था यांच्या वसुली प्रतिनिधींना रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर ऋणकोला दूरध्वनी करण्यास मनाई केली, तसेच धमकी आणि सार्वजनिक अपमान यांसही बंदी घातली. असा प्रतिनिधी ‘मी वकील आहे’ असे सांगू लागला तर त्याचा विधिज्ञ परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा.

उत्तर कसे द्यावे

नोटिशीचे उत्तर लेखी, थोडक्यात आणि दिलेल्या मुदतीत द्यावे. नोटीस केव्हा मिळाली, किती रक्कम मान्य आहे, किती अमान्य आहे, कोणत्या तारखांना किती भरले आणि कोणता हिशेब हवा आहे, एवढे त्यात पुरेसे असते. उत्तर पाठविण्यापूर्वी ते वकिलाला दाखवावे, कारण वर सांगितल्याप्रमाणे मान्य केलेली रक्कम ही लेखी कबुली ठरू शकते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, नैसर्गिक आपत्तीने पीडित आणि ठराविक मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना विनामूल्य साहाय्य मिळते. बऱ्हाणपूर येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर त्यासाठी विचारणा करता येते. नोटीस वाचून दाखविणाऱ्या गुरुजींनी कायदेशीर सल्ला देण्याच्या भरीस पडू नये. कागदावर मिळाल्याची तारीख लिहून देणे आणि हा क्रमांक सांगणे, एवढे त्यांनी केले तरी मोठे काम होते.

वकिलाच्या गैरवर्तनाची तक्रार जबलपूर येथील मध्य प्रदेश राज्य विधिज्ञ परिषदेकडे लेखी करावी. परिषदेची शिस्तपालन समिती ताकीद, काही काळ निलंबन किंवा सनद रद्द करण्यापर्यंत आदेश देऊ शकते. त्यावर भारतीय विधिज्ञ परिषदेकडे अपील आहे. शासकीय अधिकाऱ्यांकडे गाऱ्हाणे मांडताना हिंदी येत नाही म्हणून थांबण्याचे कारण नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि फोपनारच्या शेतकऱ्याला तो मराठीत बजावता येतो.

पुष्कळ वसुली प्रकरणे लोकअदालतीत मिटतात, आणि दावा दाखल होण्यापूर्वीही ती तेथे नेता येतात. तेथे झालेला निवाडा डिक्रीप्रमाणेच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नसते. यास्तव हप्त्यांच्या तारखा हंगामाशी जुळतात की नाहीत हे सही करण्यापूर्वी पाहावे. केळी कापणीला येण्याच्या दोन महिने आधीचा हप्ता मान्य करणे म्हणजे दुसऱ्या नोटिशीची तयारी करणे होय. अखेरचा हप्ता भरल्यावर दिलेला धनादेश आणि वचनचिठ्ठी परत घ्यावी, ‘देणे बाकी नाही’ असा दाखला घ्यावा, आणि जमिनीवर बोजा असेल तर तो दाखला पटवाऱ्याकडे नेऊन खसऱ्यावरील नोंद कमी झालेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच घरी यावे.